काकांना लावलेला फोन

पडदा आणि प्रोजेक्टर भाड्याने घ्यायला मी उल्हासनगरला कमलेशच्या दुकानात गेलो, तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "शादी है या बड्डे?"

"पुरावा दाखवायचाय," मी म्हणालो.

"किसको?"

"सगळ्या गावाला."

कमलेश मला ओळखतो. मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो, तेव्हा कंपनीच्या सत्यनारायणाला मंडप-स्पीकर त्याच्याकडूनच यायचा. त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि आवाज खाली आणला.

"वो 'नक्की ना?' वाला प्रोग्राम ना? तुमची भतीजी आहे त्यात. प्रोमो पाहिला मी. जयदेवभाई, बुरा मत मानना, ते सगळं सेट असतं. कुणाला किती द्यायचे ते पहिलेच ठरतं. माझा साडू बोलतो, जो जास्त रडतो त्याला सोप्पे सवाल येतात."

"तुझ्या साडूला कोणी सांगितलं?"

"सगळे बोलतात."

सगळे बोलतात ती गोष्ट मी लगेच खरी मानत नाही, पण खोटीही मानून टाकत नाही. बाजूला ठेवतो. गेला दीड महिना मी अशा पुष्कळ गोष्टी बाजूला ठेवल्या होत्या, आणि त्यांचा आता ढीग झाला होता. प्रोजेक्टर मी दुकानाच्या भिंतीवर अर्धा तास चालवून बघितला. बल्ब जुना आहे का, वायर मध्येच तापते का, ऐन वेळी बंद पडला तर कोण येणार, सगळं विचारून घेतलं. कमलेश शेवटी म्हणाला, "भाई, लडकी देखने आए हो क्या?" पण माझा इलाज नव्हता. गुरुवारी रात्री आठ वाजता एकदाच दाखवणार होते, आणि माझी अब्रू त्यावर होती.

उन्नती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा ती सातवीत होती. तिची आई चांगुणा दिवसभर राबायची, म्हणून पोरगी संध्याकाळी आमच्या बदलापूरच्या शिरगावातल्या घरी असायची, आणि आठ वाजले की आम्ही दोघं 'नक्की ना?' लावायचो. माझी बायको तुळशी भाकऱ्या थापता थापता आतून ऐकायची. पुढे त्या मायलेकी कात्रपला फ्लॅटमध्ये गेल्या, उन्नतीला कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली, तरी आठचा नेम काही मोडला नाही. स्कूटीवरून यायची. दहा वर्षं.

ती प्रश्न बघायची आणि मी माणसं बघायचो. समोरचा घाम पुसतोय पण कपाळ कोरडं आहे, म्हणजे ह्याला उत्तर येतंय आणि नाटक चाललंय. प्रेक्षकांत बसलेली बायको उगाच खोकली, म्हणजे पर्याय तिसरा. सूत्रसंचालक पाणी प्यायला, म्हणजे उत्तर चुकलंय. उन्नती म्हणायची, "काका, माणूस पाणी पण नाही प्यायचं का?" मी म्हणायचो, "बघू." तिने उत्तर दिलं, ते बरोबर आलं, पडद्यावर हिरवं झालं, तरी मी "बघू" म्हणायचो. माझा स्वभावच तसा. बत्तीस वर्षं रिॲक्टरवर काढली. तिथे प्रेशरच्या काट्यावर विश्वास ठेवणारी माणसं मी हॉस्पिटलात पोचवली आहेत.

तिची निवड झाली तेव्हा फोन लावायच्या यादीत तिने तीन नावं दिली: कॉलेजच्या एक मॅडम, एक मैत्रीण आणि मी. चॅनेलच्या मुलीने आदल्या दिवशी मला फोन करून नियम सांगितले. खोलीत एकटं बसायचं, टीव्ही बंद, जवळ पुस्तक नाही. आठवड्यातून दोनदा मला लॉटरी लागल्याचे फोन येतात, त्यामुळे मी आधी तिचीच उलटतपासणी घेतली. तुम्ही खऱ्या कशावरून, उन्नतीच्या आईचं नाव काय, ती उद्या कोणते कपडे घालणार आहे? ती बिचारी हसत हसत उत्तरं देत राहिली. तरीही फोन ठेवल्यावर मी उन्नतीला विचारून खात्री केली.

दुसऱ्या दिवशी तुळशीला गच्चीवर पाठवून मी खोलीत एकटा बसलो. साडेतीनला फोन वाजला. आधी सूत्रसंचालकाचा तो टीव्हीतला आवाज, आणि मग उन्नतीचा. भराभर बोलत होती आणि आवाज थरथरत होता. "काका, मिठागरात समुद्राचं पाणी आटवताना मीठ धरायच्या आधी कोणता पदार्थ खाली बसतो? तुरटी, जिप्सम, सोरा, नवसागर."

आता बघा. माझं आजोळ उरणकडचं. मिठागरात माझं बालपण गेलंय. मीठ धरायच्या आधीच्या कोंडीत, म्हणजे पाणी आटवायच्या वाफ्यात, पायाखाली एक पांढरी कडक पापडी लागायची. तिने माझे तळवे कापलेले आहेत. मामा म्हणायचा, ही मिठाची नाही, ही खरवडून काढायची असते. पुढे कंपनीत लॅबवाल्याने सांगितलं, ते जिप्सम. म्हणजे जगात कुणाला विचारावं तर मलाच विचारावं असा तो प्रश्न होता.

"जिप्सम," मी म्हणालो.

"काका, नक्की?"

तिच्या आवाजाचं ते थरथरणं मला ऐकवेना. "शंभर टक्के," मी म्हणालो. "शंभर टक्के जिप्सम. लॉक कर."

फोन कट झाला. मी गच्चीवर जाऊन तुळशीला म्हणालो, "पोरीचं काम झालं." संध्याकाळी पेढे आणले. आयुष्यात निकालाआधी पेढे आणण्याची माझी ती पहिलीच वेळ.

ती परत आली आणि काही बोलली नाही.

किती जिंकली, काय झालं, एक शब्द नाही. "काका, सही केलीय. दाखवेपर्यंत बोलता येत नाही." कसली सही, तो कागद बघू, तर म्हणे तोही दाखवता येत नाही. मी म्हटलं, मला न दाखवता सही केलीस? तिने मान खाली घातली. आणि त्या दिवसापासून तिचं आठ वाजता येणं बंद झालं. आज ऑफिसात उशीर, उद्या आईचं डोकं दुखतंय, परवा स्कूटी पंक्चर. एका महिन्यात एक स्कूटी चार वेळा पंक्चर होत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी एकटाच टीव्ही लावून बसायचो आणि मनात पाढे म्हणायचो. एक, चॅनेलवाल्यांनी फसवलं. दोन, पोरगी मोठी रक्कम जिंकलीय आणि आईने सांगितलंय की काकाला कळू द्यायचं नाही. तीन, माझंच उत्तर चुकलं. तिसऱ्याचा निकाल मी लगेच लावून घेतला. जुन्या केमिस्टला फोन केला, इंटरनेटवर शोधायला लावलं, उरणच्या मामेभावाला विचारलं. जिप्समच.

मग सुदाम भेटला. सुदाम माझा शिफ्टचा जोडीदार, अजून कामावर आहे. एमआयडीसीच्या नाक्यावर चहा पिताना तो कपात बघत म्हणाला, "जयद्या, एक कानावर आलंय. राग मानू नको."

"बोल."

"चांगुणावैनी बायकांत बोल्ली म्हनं, पोरीनं काकाला फोन लावला आन् सगला खेल तिथंच खपला. आता लोक बोलतान, काकानं मुद्दाम खोटा सांगितला."

"मुद्दाम? का म्हणून?"

"आता तूच बघ ना. जमिनीच्या कागदावं तू सही करत नाय. बिल्डर चार महिने खेपा घालतंय. लोकांना वाटतं, भावाची पोर मोठी झाली, तिच्या हातात पैसा आला, तं ती उद्या वकील करंल. म्हनून काकानं पोरीला खाली ओढली."

मी कप खाली ठेवला आणि उत्तर मला कुठून माहीत होतं ते सगळं सुदामला सांगितलं. शिरगावची जमीन दोघा भावांची सामाईक आहे हे खरं. सही केलेली नाही हेही खरं. पण का, तर बिल्डरच्या करारात अकराव्या पानावर जी ओळ आहे ती उद्या चांगुणालाच देशोधडीला लावेल, आणि तो ती ओळ काढायला तयार नाही. मी हे चांगुणाला दोनदा सांगितलं होतं. तिला वाटलं, मी वेळ काढतोय. मी जगावर संशय घेत फिरलो, आणि जग माझ्यावर घेतंय हे मला नाक्यावरच्या टपरीवर कळलं. राग आला, फार राग आला. त्याहून जास्त हे लागलं की उन्नतीने ते खोडून काढलं नव्हतं. कागदावर सही असेल, पण "काका असं करणार नाहीत" एवढं म्हणायला कोणतं चॅनेल आडवं येतं?

तिथेच ठरवलं. प्रक्षेपण होईल तेव्हा माझा आवाज सगळ्यांनी ऐकायचा. गावदेवीच्या देवळासमोर पडदा लावायचा, खुर्च्या मांडायच्या, घरोघर निरोप द्यायचा. चांगुणाला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती दारातच उभी राहिली.

"पडदा कशाला, भावजी?" ती म्हणाली. "मी काय तुमाला कोर्टात उभा केला हाय?"

"तसंच समज," मी म्हणालो.

बुधवारी संध्याकाळी उन्नती आली. दीड महिन्यानंतर. आठला पाच कमी होते, पण टीव्हीकडे तिने बघितलंही नाही. वाळली होती. तुळशीने पाणी दिलं ते तिने हातातच धरून ठेवलं.

"काका, प्लीज, स्क्रीन वगैरे नको ना. आपण इथेच बघू या. आपण दोघंच, नेहमीसारखं."

"का?"

"सांगता येत नाही."

"मग ऐकता पण येत नाही."

"काका, उद्याचा एकच दिवस आहे. मी मागतेय म्हणून तरी. नंतर तुम्ही जे विचाराल ते सगळं सांगीन."

मी तिच्याकडे निरखून बघत होतो, आणि आता लाज वाटते पण सांगतो, मी तिच्याकडे टीव्हीतल्या माणसाकडे बघावं तसं बघत होतो. ग्लास घट्ट धरलाय. नजर देत नाही. म्हणजे लपवतेय. खाई त्याला खवखवे. माझ्या डोक्यात आलं, ह्यांनी माझं उत्तर कापलं असणार किंवा बदललं असणार, हिला ते माहीत आहे, आणि ते चार लोकांत उघडं पडू नये म्हणून ही आलीय. कदाचित आईनेच पाठवलंय.

"पडदा लागणार," मी म्हणालो. "ज्याची चूक असेल त्याला गाव बघून घेईल."

तिने ग्लास खाली ठेवला आणि गेली. तुळशी भांडी आवरताना म्हणाली, "अवो, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोर एवढी पाया परत व्हती."

"माझी मूठ उघडीच आहे," मी म्हणालो. "मला कशाची भीती?"

गुरुवारी सातपासूनच खुर्च्या भरल्या. पोरं पुढे सतरंजीवर. सुदाम अंबरनाथहून बायकोला घेऊन आला होता. चांगुणा आणि उन्नती अगदी शेवटच्या रांगेत, खांबाजवळ बसल्या. मी प्रोजेक्टरच्या शेजारी उभा, एक हात वायरवर. आठला पाच मिनिटं असताना चित्र आलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

उन्नती पडद्यावर आली तेव्हा टाळ्या पडल्या. निळा ड्रेस. आधी तिची ओळख दाखवली: बदलापूर, कात्रपचा रस्ता, ऑफिस, तिचं टेबल. मग सूत्रसंचालकाने विचारलं, एवढी तयारी कुणी करून घेतली? ती म्हणाली, "माझ्या काकांनी. बाबा गेल्यावर ते रोज माझ्यासोबत हा प्रोग्राम बघायला बसले. त्यांना क्विझ अजिबात आवडत नाही. मला एकटं वाटू नये म्हणून बसायचे."

माझी मान आपोआप शेवटच्या रांगेकडे वळली. उन्नती खाली बघत होती. क्विझ मला आवडत नाही हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. सुरुवातीला खरंच आवडायचं नाही. पुढे आवडायला लागलं.

पोरगी छान खेळली. पहिले पाच प्रश्न तर तिने पर्याय यायच्या आधीच सोडवले. पुढची पोरं ओरडत होती. सातव्याला अडखळली, प्रेक्षकांचं मत घेतलं, वाचली. दहावा सुटला तेव्हा गावातल्या बायका उभ्या राहिल्या. मी मात्र घड्याळ बघत होतो. मला तिचं खेळणं नको होतं, मला माझा प्रश्न हवा होता.

तो आला. मिठागर. गर्दीतून हुंकार उठला, कारण इथल्या निम्म्या घरांची सोयरीक मिठागरांकडच्या गावांत आहे. पडद्यावरची उन्नती म्हणाली, "हे काकांना माहीत असेल." घंटी वाजली, आणि मग देवळासमोरच्या त्या दोन मोठ्या स्पीकरमधून माझा आवाज आला. "जिप्सम." आपला आवाज असा बाहेरून ऐकू आला की परक्या माणसाचा वाटतो. "शंभर टक्के. शंभर टक्के जिप्सम. लॉक कर."

काही कापलं नव्हतं, काही बदललं नव्हतं. जसं बोललो तसंच. सुदामने मागे वळून माझ्याकडे अंगठा दाखवला.

सूत्रसंचालक म्हणाला, "काका तर शंभर टक्के म्हणतायत. लॉक करू या?"

कॅमेरा उन्नतीच्या चेहऱ्यावर गेला. दहा वर्षं मी चेहरे वाचत होतो, हा मला वाचता येईना.

"नाही, सर," ती म्हणाली. "मी इथे थांबते. क्विट करते."

"का? काकांवर विश्वास नाही?"

"उलट आहे, सर. माझे काका कधीच शंभर टक्के म्हणत नाहीत. दूध उतू गेलं तरी ते 'बघू' म्हणतात." स्टुडिओतले लोक हसले. ती नाही हसली. "ते 'बहुतेक जिप्सम' म्हणाले असते ना, तर मी लगेच लॉक केलं असतं. ते शंभर टक्के म्हणाले म्हणजे त्यांना माहीत नाही. मी घाबरलेय हे त्यांना कळलं, म्हणून धीर देतायत."

"आणि उत्तर बरोबर निघालं तर?"

"निघू दे. पण चुकलं तर मी हरले याचं त्यांना जन्मभर लागून राहील. ते कुणाला सांगणार नाहीत, पण रात्रीचे जागे राहतील. त्यांच्यामुळे हरले असं कुणी बोलायला नको. म्हणून थांबते."

सूत्रसंचालकाने बरोबर उत्तर दाखवलं. जिप्सम, हिरव्या रंगात. पडद्यावर उन्नतीने दोन्ही हात तोंडावर धरले.

देवळासमोर एकच गलका झाला. "जयद्यानं बरोबर सांगितलं!" कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. सुदाम खुर्च्या ओलांडत आला आणि मला मिठी मारून म्हणाला, "जितलास रे." ज्यांनी दीड महिना माझ्याकडे तिरकं बघितलं होतं ते हात जोडून येत होते. चांगुणा उठून उभी राहिली होती, पदर तोंडाला. मला जे हवं होतं ते सगळं, तंतोतंत, मी ठरवलं होतं तसं मिळालं होतं.

आणि मग दुसरा आवाज सुरू झाला. आधी बायकांच्या रांगेतून. "एवढा शंभर टक्के सांगितला काकानं, तरी इश्वास नाय." "शिकलेल्या पोरी अशाच." "काकाचा नाव दीड महिना खराब केला नि तोंडातून शबूद नाय." एका म्हाताऱ्याने तर तिच्याकडे बोट करून सरळच विचारलं, "पोरी, तुला काका खोटा वाटला व्हता?"

उन्नती खांबाला टेकून उभी होती. लोक खुर्च्या फिरवून तिच्याकडे बघत होते. मीच बोलावलेले लोक, मीच मांडलेल्या खुर्च्या. आदल्या दिवशी ती माझ्या दारात मला वाचवायला आली नव्हती, स्वतःला वाचवायला आली होती. आणि तेही केव्हा? तिकडे स्टुडिओत मला वाचवून झाल्यावर. दीड महिना ती गप्प होती, कारण तोंड उघडती तर हेच सांगावं लागलं असतं, की काका बरोबर होते आणि मी चुकले. ते सांगायला तिला बंदी होती, आणि त्याची लाजही वाटत होती. माझ्या घरी येऊन माझ्याशेजारी टीव्हीसमोर बसायची तिची हिंमत होत नव्हती. मी मात्र स्कूटीची पंक्चरं मोजत बसलो.

कमलेशने स्पीकरबरोबर माईकही दिला होता. तो टेबलावरच पडला होता. मी उचलला. शिट्टीसारखा आवाज झाला आणि सगळे गप्प झाले. त्यांना वाटलं मी आभार मानणार.

"पोरीने बरोबर ओळखलं," मी म्हणालो. "मला उत्तर माहीत नव्हतं."

सुदामची मान माझ्याकडे गर्रकन वळली.

"तिचा आवाज घाबरलेला वाटला, म्हणून मी ठोकून दिलं. शंभर टक्के म्हटलं तर तिला बरं वाटेल, असं वाटलं. जिप्सम निघालं तो मटका लागला. तुरटी निघाली असती, तर ती माझ्यामुळे बुडाली असती. ती शहाणी, म्हणून थांबली. मला दहा वर्षं ओळखते ती. तुमच्यापेक्षा जास्त ओळखते."

कुणी टाळी वाजवली नाही. मघाशी पाठीवर थाप मारणारा माणूस बायकोला म्हणाला, "म्हंजे माहीत नसताना सांगितला?" चांगुणा तिथूनच मोठ्याने बोलली, "माहीत नवता तं पोरीला लॉक कर सांगाचा कशाला? लागली असती ना वाट." तिचंही बरोबरच होतं. लोक उठायला लागले. काहींनी जाताना माझ्याकडे बघितलं, ते पुन्हा जुन्याच नजरेने, आता थोड्या जास्तच तिरक्या. उद्या नाक्यावर ही गोष्ट कशी फिरेल ते मला दिसत होतं: काकाने पोरीच्या आयुष्याशी जुगार खेळला. फिरू दे. पण उन्नतीच्या बाजूला आता दोन बायका जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यातली एक तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

सुदाम माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "जयद्या, त्या दिवशी नाक्यावं तू मला आजोळची पापडी, तलव्याची जखम, सगला सांगितलंस."

"आठवत नाही," मी म्हणालो. तो बायकोला घेऊन गेला.

अंगण रिकामं झालं. मी पडद्याच्या दोऱ्या सोडत होतो. दुसरं टोक कुणीतरी धरलं. बघितलं तर उन्नती. आम्ही दोघांनी मिळून पडदा गुंडाळला. तो पिशवीत घालून झाल्यावर ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसली. मी एक खुर्ची सोडून बसलो.

"खोटं बोललात तुम्ही," ती म्हणाली.

मी पायाशी ठेवलेल्या पिशवीचा बंद आवळला.

"माईकवर बोलताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत."

"बघितलं असतं तर बोलता आलं नसतं," मी म्हणालो.

ती उठली आणि मधल्या खुर्चीवर येऊन बसली.